निळीच्या कापडाची धुलाई : डोंगरी कापडापासून जीन्सपर्यंत

१

वस्त्रांच्या इतिहासात कापड कोठे विणले गेले, कोणी रंगविले आणि कोणत्या बंदरातून कोणत्या देशी गेले, याची चर्चा विपुल आढळते. परंतु तेच कापड अंगावर चढल्यानंतर किती वेळा धुतले गेले, कशाने धुतले गेले, कोणाच्या हातांनी धुतले गेले आणि किती वर्षे टिकले, या प्रश्नांकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. वास्तविक वस्त्राचे आयुष्य मागावर जितके घडते, त्याहून अधिक ते धुण्याच्या दगडावर घडते किंवा बिघडते. प्रस्तुत लेखात निळीने रंगविलेल्या जाड सुती कापडाचा, म्हणजे ज्याला आज आपण डेनिम म्हणतो आणि ज्याच्या विजारीस जीन्स म्हणतो त्याचा, या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

हा विषय निवडण्याचे कारण असे की, या कापडाच्या बाबतीत धुलाईचा अर्थ गेल्या दीडशे वर्षांत पुरता पालटला आहे. नीळ विटणे हा आरंभी कापडाचा दोष मानला जाई; पुढे ती कष्टाची खूण झाली; आणि अखेरीस तीच खूण कारखान्यात तयार करून विकली जाऊ लागली. या तिसऱ्या अवस्थेचा भार कोणावर पडला, हे पाहिल्याशिवाय जीन्स कशी धुवावी, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता येत नाही, असे आम्हांस वाटते.

२

प्रथम नावांचा विचार करू. ‘डेनिम’ हा शब्द फ्रान्समधील नीम या नगराच्या ‘सर्ज द नीम’ या कापडावरून आणि ‘जीन’ हा शब्द इटलीतील जेनोआ नगराच्या फ्रेंच नावावरून आला, असे सामान्यतः सांगितले जाते. यांपैकी दुसरी व्युत्पत्ती बरीचशी निर्विवाद आहे. पहिलीविषयी मतभेद आहेत, कारण नीमचे मूळ कापड लोकर व रेशीम यांचे होते, सुती नव्हते. तिसरा शब्द ‘डंगरी’. तो मात्र आपल्या घरचा आहे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘डोंगरी कापड’ असा प्रयोग नोंदविलेला आहे. मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकले जाणारे साधे देशी कापड, असा त्याचा मूळ अर्थ तेथे दिला असून, पुढे कोणत्याही हलक्या व स्वस्त सुती कापडास ते नाव लागले, असे म्हटले आहे. इंग्रजी शब्द याच प्रयोगाचा अपभ्रंश होय, असा त्याचा निर्वाळा आहे. ही उपपत्ती आकर्षक असली तरी ती जशीच्या तशी स्वीकारण्यात एक अडचण आहे. मोल्सवर्थ ज्या किल्ल्याचे नाव घेतो तो, म्हणजे फोर्ट जॉर्ज, इंग्रजांनी डोंगरीच्या जागी १७६९ मध्ये उभारला. उलट, या कापडाचे नाव १६१३ मधील जॉन सॅरिस या इंग्रज कप्तानाच्या वृत्तांतात, मोलुक्का बेटांतील लवंगांच्या बदल्यात द्यावयाच्या कापडांच्या यादीत आढळते. त्या वेळी मुंबई इंग्रजांच्या हाती आलेलीही नव्हती. तेव्हा नाव किल्ल्यावरून पडले असे म्हणता येत नाही. फार तर डोंगरी या स्थळावरून पडले असे म्हणता येईल, आणि तेही निश्चयाने नव्हे.

येथे दुसरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. जुने डोंगरी कापड साध्या विणीचे असे. ते निळेच असे असे नव्हे. शिडे व तंबू यांसाठीही त्याचा उपयोग होत असे. आजचे डेनिम तिरकस विणीचे असते. म्हणून डोंगरी कापड हे डेनिमचे पूर्वज आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. दोहोंतील खरे नाते विणीचे नसून वापराचे आहे. दोन्ही कापडे खलाशांची, हमालांची, कारागिरांची. दोन्ही जाड, स्वस्त आणि सोशिक. आज कारखान्यातील कामगाराच्या अंगरख्यास आपण ‘डंगरी’ म्हणतो, तेव्हा दूरदेशी गेलेला एक शब्द वेश पालटून परत आलेला असतो.

३

निळीच्या कापडाची धुलाई समजण्यासाठी निळीचा स्वभाव समजणे अगत्याचे आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून ती सुतावर चढविण्यापूर्वी आंबवून किंवा रासायनिक उपायाने तिचे विद्राव्य रूप करावे लागते. दक्षिण हिंदुस्थानातील रंगारी यासाठी चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी यांचा उपयोग करीत. अशा पिंपात बुडविलेले सूत बाहेर काढले म्हणजे प्रथम पिवळट-हिरवे दिसते आणि वाऱ्यावर धरताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. कारण हवेतील प्राणवायूने नीळ पुन्हा अविद्राव्य होऊन तंतूंत अडकून बसते. १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ या कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि वनस्पतिजन्य निळीचा व्यापार अल्पकाळात खालावला. परंतु रंग चढविण्याचे हे मूलतत्त्व बदलले नाही.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, निळीचा सुताशी रासायनिक बंध जुळत नाही; ती केवळ धरून बसलेली असते. दुसरी अशी की, डेनिमचे सूत थोडा थोडा वेळ बुडवून पुनःपुन्हा हवेवर धरीत असल्यामुळे रंग सुताच्या बाहेरच्या थरात राहतो आणि गाभा पांढराच उरतो. शिवाय डेनिममध्ये ताणा निळा व बाणा पांढरा असतो. सतराव्या शतकात उत्तर इटलीत एक अनामिक चित्रकार होऊन गेला. त्याने रंगविलेल्या दरिद्री माणसांच्या निळ्या वस्त्रांत फाटल्या जागी पांढरे धागे डोकावताना दिसतात. कलेतिहासकारांनी त्याला ‘निळ्या जीन्सचा चित्रकार’ असे नाव दिले आहे, ते यामुळेच.

सारांश, निळीचे कापड विटते ते पाण्यात रंग विरघळतो म्हणून नव्हे, तर मुख्यतः घर्षणाने. घासणे, आपटणे, धोपटणे, यंत्रात घुसळणे यांनी बाहेरचा थर झिजतो आणि गाभ्याचा पांढरेपणा वर येतो. खेरीज क्लोरिनयुक्त विरंजकांनी नीळ नष्टच होते. घरोघरी नवी जीन्स प्रथम मिठाच्या, तुरटीच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवितात, म्हणजे रंग पक्का होतो अशी समजूत आहे. तुरटीची गरज लागते ती मंजिष्ठासारख्या रंगांना. नीळ त्या जातीचा रंग नसल्यामुळे या उपायांचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. अशा पाण्यात जो रंग सुटताना दिसतो, तो सुतावर सैल राहिलेला जादा रंग होय. तो साध्या पाण्यातही सुटतो.

४

आता या कापडाच्या अमेरिकेतील इतिहासाकडे वळू. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधार्थ लोकांची रीघ लागली. त्या समाजात स्त्रिया थोड्या, पाणी दुर्मिळ आणि मजुरी अतोनात महाग. सॅन फ्रान्सिस्कोमधील काही लोक आपले मळके कपडे धुण्यासाठी जहाजाने होनोलुलूपर्यंत पाठवीत, असे तत्कालीन वृत्तांतांवरून दिसते. जेथे कपडा धुणे इतके खर्चाचे, तेथे मळ न दाखविणारे, झिजेस दाद न देणारे जाड कापड श्रमिकांस पसंत पडावे, हे स्वाभाविक होय. असा कपडा रोज धुण्यासाठी नव्हताच.

रीनो येथील जेकब डेव्हिस हा शिंपी सॅन फ्रान्सिस्कोतील लेव्ही स्ट्रॉस या घाऊक व्यापाऱ्याकडून कापड घेत असे. मजुरांच्या विजारींचे खिसे वारंवार उसवतात, हे पाहून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे खिळे ठोकण्याची युक्ती काढली. तिचे १,३९,१२१ क्रमांकाचे एकस्व २० मे १८७३ रोजी त्याला व स्ट्रॉसच्या पेढीला मिळाले. या एकस्वात नव्या कापडाचा शोध नाही, नव्या रंगाचा नाही, नव्या काटछाटीचाही नाही. त्याचा एकमेव विषय असा की, जुना कपडा अधिक दिवस कसा टिकावा. जीन्सचा जन्मच मुळी टिकाऊपणाच्या चिंतेतून झाला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ज्यांनी हे कपडे धुतले त्यांचा इतिहास मात्र विजारीच्या इतिहासाइतका प्रसिद्ध नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील धुलाईचा धंदा पुढे बव्हंशी चिनी लोकांच्या हाती आला. १८८० मध्ये नगरपालिकेने लाकडी इमारतींत धुलाईघर चालविण्यास परवाना आवश्यक ठरविला. त्या वेळी शहरात सुमारे ३२० धुलाईघरे होती. त्यांपैकी सुमारे ३१० लाकडी इमारतींत होती आणि सुमारे २४० चिनी चालकांची होती. गोऱ्या अर्जदारांना परवाने मिळाले. चिनी अर्जदारांचे मात्र सरसहा नाकारले गेले. ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स’ या १८८६ मधील खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा पक्षपात घटनाबाह्य ठरविला. कायद्याची भाषा निःपक्षपाती असली तरी त्याची अंमलबजावणी पक्षपाती असेल तर तो अन्यायच, हे तत्त्व धुलाईघराच्या दारी प्रस्थापित झाले. मळके कपडे धुणारा माणूस समाजास हवा असतो. पण त्याचे अस्तित्व डोळ्यांआड असावे अशी समाजाची इच्छा असते. आपल्याकडील परीट समाजाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास हे निराळे सांगावयास नको.

५

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत डेनिमची विजार कडक, गडद आणि न आटविलेली अशीच विकली जाई. पहिल्या धुण्यात ती आटे. म्हणून गिऱ्हाईक एक-दोन मापे मोठी विजार घेई. सॅनफोर्ड क्लुएट याने कापड आधीच आटवून घेण्याची यांत्रिक पद्धत शोधून १९३० मध्ये तिचे एकस्व घेतले, आणि हा जाच हळूहळू संपला. येथे प्रथमच धुण्याचा एक परिणाम घरातून कारखान्यात गेला. परंतु रंग विटण्याचे काम अद्याप नेसणाऱ्याकडेच होते. गुडघ्यावरील फिकट डाग, खिशाच्या तोंडाशी पडलेली झीज, मांडीवरच्या सुरकुत्यांच्या रेषा, हे सारे त्या त्या माणसाच्या उठण्या-बसण्याचे आणि कष्टाचे टिपण असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही विजार श्रमिकांच्या अंगावरून तरुणांच्या अंगावर आली. विटलेली जीन्स नव्या जीन्सपेक्षा मोलाची वाटू लागली. मात्र ती तशी होण्यास वर्षानुवर्षे लागत, आणि बाजाराला तितका धीर नसतो. १९७० नंतरच्या दशकात कारखान्यांनी प्यूमिस नावाचा सच्छिद्र ज्वालामुखीजन्य दगड विजारींबरोबर धुलाईयंत्रात घुसळण्यास आरंभ केला. या कल्पनेचे जनकत्व एकाहून अधिकांनी सांगितले आहे. तो वाद येथे अप्रस्तुत आहे. १९८० नंतर पोटॅशियम परमँगनेटसारख्या रसायनांचा आणि त्याच दशकाच्या अखेरीस सेल्युलेज नावाच्या विकरांचा उपयोग सुरू झाला. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपडा दगडावर आपटला जाई. आता दगडच कपड्यावर आपटला जाऊ लागला. फरक एवढाच की, घाटावर हेतू मळ काढण्याचा होता. येथे काढावयास मळच नव्हता. कोऱ्या कापडाचे आयुष्य मुद्दाम कमी करून ते जुने म्हणून विकावयाचे होते.

या उलाढालीतील सर्वांत दुःखद प्रकरण तुर्कस्तानातील आहे. कापड विटविण्यासाठी त्यावर वाळूचा जोरदार फवारा मारण्याची पद्धत तेथील लहान-मोठ्या कारखान्यांत रूढ झाली. बंदिस्त खोल्यांत पुरेशा संरक्षणाविना काम करणाऱ्या तरुण मजुरांच्या फुप्फुसांत सिलिकेची धूळ साचून त्यांना सिलिकोसिस हा असाध्य रोग जडू लागला. तेथील वैद्यांनी २००० नंतरच्या दशकात हे उघडकीस आणले आणि २००९ मध्ये तुर्कस्तानने या कामी वाळूच्या फवाऱ्यास बंदी केली. त्यानंतर हे काम अन्य देशांत सरकले. सिलिकोसिस हा मूळचा खाणकामगारांचा रोग. खाणीत राबणाऱ्यांसाठी जी विजार निर्माण झाली, ती खाणीत वापरल्यासारखी दिसावी म्हणून, कधीही खाणीत न उतरलेल्या माणसांनी खाणीचा रोग पत्करला. वस्त्रांच्या इतिहासात याहून विदारक विपर्यास क्वचितच सापडेल.

पाण्याची गोष्टही अशीच आहे. चीनमधील ग्वांगडाँग प्रांतातील शिनथांग हे गाव जीन्सच्या उत्पादनासाठी जितके प्रसिद्ध झाले, तितकेच तेथील निळ्या-काळ्या सांडपाण्यासाठी झाले. आपल्या ठाणे जिल्ह्यात उल्हासनगर येथे जीन्स धुण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर वाढला. तेथील रंगीत सांडपाण्याने वालधुनी नदीची जी दशा झाली, तिचा प्रश्न २०१० नंतरच्या दशकात न्यायालयांपर्यंत गेला आणि असे अनेक कारखाने बंद करावे लागले. नदीचे दुखणे खरे होते. बंद पडलेल्या कारखान्यांतील मजुरांचे हालही खरे होते. अलीकडे लेझर व ओझोन यांच्या साहाय्याने थोड्या पाण्यात कापड विटविण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. त्या जुन्या पद्धतींहून निश्चितच बऱ्या आहेत. परंतु नवे कापड जुने करण्याची मूळ हौस त्या तशीच राखतात.

६

आता घरच्या धुलाईविषयी. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एका जीन्सच्या संपूर्ण आयुष्यात ३,७८१ लिटर पाणी लागते. त्यांतील ६८ टक्के कापसाच्या लागवडीत आणि २३ टक्के ग्राहकाच्या घरच्या धुण्यात खर्च होते. दोनदा वापरून धुण्याऐवजी दहादा वापरून धुतल्यास घरच्या धुण्याचा पाणी व ऊर्जेचा भार अमेरिकेत ७७ टक्क्यांपर्यंत कमी होईल, असेही त्यात म्हटले आहे. हा अभ्यास उत्पादकाचा स्वतःचा आहे, हे विसरता कामा नये. तथापि त्यातील प्रमाणे विचारार्ह आहेत.

येथे एक विवेक करणे अवश्य आहे. ही आकडेवारी ज्या घराची आहे, तेथे धुणे यंत्रात होते आणि बहुधा वाळविणेही विजेच्या यंत्रात होते. जेथे बादलीभर थंड पाण्यात कपडा धुऊन तो दोरीवर वाळत घालतात, तेथे विजेचा खर्च जवळजवळ उरतच नाही. अशा घरात बचतीची जागा धुण्याच्या पाण्यात थोडी आणि कापसाच्या पाण्यात पुष्कळ आहे. एका विजारीमागे अडीच हजार लिटरांहून अधिक पाणी शेतात खर्च होऊन गेलेले असते. ते परत मिळविता येत नाही. फक्त विजार अधिक वर्षे वापरून त्याचे चीज करता येते. ज्या महाराष्ट्रात कापूस पिकतो आणि जेथे उन्हाळ्यात गावोगाव टँकरने पाणी पुरवावे लागते, तेथे हा हिशेब केवळ पुस्तकी नव्हे.

जीन्स न धुता किती दिवस वापरावी, याविषयी बरीच अतिशयोक्ती प्रचलित आहे. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात २०११ मध्ये एका विद्यार्थ्याने सुमारे १५ महिने न धुता वापरलेल्या विजारीवरील जंतूंची मोजणी करण्यात आली. तीच विजार धुऊन नंतर १३ दिवस वापरल्यावर जवळजवळ तितकेच जंतू आढळले. तेव्हा क्वचित धुण्याने निरोगी माणसास मोठा अपाय होतो असे दिसत नाही. परंतु हा प्रयोग थंड व कोरड्या प्रदेशातील एका माणसाचा आहे. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेल्या विजारीस तो नियम जसाच्या तसा लागू करणे शहाणपणाचे नाही. येथे घामाने ओली झालेली विजार निदान वाऱ्यावर सुकविल्याशिवाय घडी करून ठेवू नये, हाच पहिला नियम ठरतो. विजार शीतकपाटात गोठविली म्हणजे ती निर्जंतुक होते, या समजुतीलाही आधार नाही. पुष्कळ जंतू थंडीत मरत नाहीत, केवळ निद्रिस्त होतात.

वारंवार धुण्याचा आणखी एक परिणाम २०२० मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिला. एका धुण्यात एका जीन्समधून सुमारे ५६,००० सूक्ष्म तंतू सुटू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. असे निळीने रंगलेले तंतू त्यांना कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय समुद्रतळाच्या गाळातही आढळले. जेथे जीन्स नेसणारा माणूस क्वचितच जातो, तेथे तिचा रंग जाऊन पोहोचला आहे.

७

वरील विवेचनावरून धुलाईचे जे नियम निघतात ते साधे आहेत. विजार मळल्यावर किंवा घामाने वास येऊ लागल्यावर धुवावी, सवयीने नव्हे. लहान डाग तेवढाच ओल्या फडक्याने पुसावा. धुताना विजार उलटी करावी, म्हणजे घर्षण आतल्या बाजूस होते. पाणी थंड घ्यावे, साबण सौम्य व थोडा घ्यावा. धोपाटणे, खरखरीत ब्रश आणि क्लोरिनयुक्त विरंजक वर्ज्य करावे. पहिली काही धुणी इतर कपड्यांपासून वेगळी करावी. यंत्र वापरावयाचे तर ते पुरते भरल्यावर लावावे. विजार पिळून न काढता उलटीच सावलीत वाळवावी. ज्या कापडात ताणणारे कृत्रिम धागे असतात, त्यास उष्णतेपासून विशेष जपावे. फाटू लागलेली जागा वेळीच रफू करावी वा ठिगळ लावावे. जेकब डेव्हिसने खिशाच्या कोपऱ्यावर जे केले, तेच आपण गुडघ्यावर करावयाचे आहे.

यांपैकी एकही नियम नवा नाही. जाडेभरडे कापड जपून वापरणाऱ्या कोणत्याही श्रमिकाच्या घरात ते पाळले जात होते, कारण दुसरे कापड घेण्याची ऐपत नव्हती. जुनी लुगडी व धोतरे जोडून गोधडी शिवणाऱ्या आपल्या घरांतील स्त्रियांनाही कोणी पर्यावरणाचा उपदेश केलेला नव्हता. तेव्हा आजच्या काटकसरीच्या धुलाईला नवे शास्त्र म्हणण्याचे कारण नाही. गरजेने लावलेली जुनी शिस्त आता समजून-उमजून पत्करावयाची, इतकेच तिचे नावीन्य. मात्र त्या शिस्तीला एका गोष्टीची जोड द्यावी लागेल. आधीच विटलेली, घासलेली, फाडलेली विजार विकत घेताना, तिच्यावरची झीज कोणत्या नदीच्या पाण्याने आणि कोणाच्या श्वासाने झाली, हा प्रश्न खरेदीदाराने विचारला पाहिजे. गडद व कोरी विजार घ्यावी आणि ती आपल्या अंगावर, आपल्या चालण्या-बसण्याने सावकाश विटू द्यावी. नीळ अखेर विटणारच; ती आपल्या कष्टांनी विटावी, दुसऱ्याच्या आजाराने नव्हे.